एकट्यानं दुमडत नाही असा पुठ्ठा

मावशीच्या हातात कुठलीही वस्तू द्या. ती आधी तळहातावर तोलून बघते, मग कानाशी नेऊन हलवते आणि विचारते, "हिला जायचंय किती लांब?" मग ती वस्तू काचेचा दिवा असो, नाहीतर नळाची तोटी. खोक्यांच्या कारखान्यात नमुन्याच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेली ही बाई. गिऱ्हाईक वस्तू आणून ठेवतं, मावशी पट्टी, पेन्सिल आणि कटर घेऊन बसते, आणि समोरचा चहा गार व्हायच्या आत त्या वस्तूच्या मापाचं खोकं तयार होतं. चारी बाजूंनी अर्धं बोट जागा सोडायची, जास्त नाही की कमी नाही. मग ती खोकं बंद करून पुन्हा कानाशी धरते. आत काही हललं, तर ते खोकं गेलं रद्दीत. "हललं की फुटलं," एवढंच म्हणते आणि नवा पुठ्ठा पुढ्यात ओढते.

मावशी हे काही तिचं नाव नव्हे. पण गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात, आणि खरं नाव पगाराच्या कागदावर सोडलं तर कुठं दिसत नाही. उंची बेताची, चष्मा नाकाच्या टोकावर, पेन्सिल अंबाड्यात खोचलेली. ती पेन्सिल ती दिवसातून दहा वेळा शोधते. "माझी पेन्सिल कुणी ढापली?" असा आरडाओरडा सुरू झाला की अख्खं खातं मुकाट्यानं मजा बघतं. सांगत कुणीच नाही. इतक्या हुशार बाईला एवढं एक तरी कळू नये, याचा सगळ्यांना फार आनंद आहे.

घरही तिनं असंच बेतलेलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, माणसं तीन. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर ऑपरेटर. जन्मभर पंपांच्या घरघरीत बसून त्याचे कान निम्मे गेलेत, त्यामुळे तो कुजबुजला तरी शेजारच्यांना ऐकू जातं. मुलगा पंधरा वर्षांचा, एकुलता एक, बापासारखा हट्टी आणि आईसारखा तिखट कानाचा. सकाळी कुणी किती वाजता अंघोळीला जायचं, कुणाचा डबा कुठल्या फळीवर, कुणाच्या चपला कुठल्या कोपऱ्यात, सगळं ठरलेलं. कुणाचा कुणाला धक्का लागायचा नाही. मावशीला याचा केवढा अभिमान! शेजारीण घरातल्या भांडणाचं गाऱ्हाणं घेऊन आली की मावशी म्हणायची, "आमच्याकडे नाही बाई असलं काही." आणि ते खरंही होतं. तिघं एकमेकांच्या वाटेतच येत नव्हते, तर भांडणार कशी?

तर या मावशीवर एकदा भलतंच काम येऊन पडलं.

कारखान्यात वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्या मंडळींना बोलवायचा दिवस असे. सकाळी खुर्च्यांच्या रांगा, मालकांचं भाषण, माइकवर कुणाचं तरी गाणं. मग पुरुष शेडखाली पत्ते कुटत, बायका एका बाजूला गोल करून बसत, आणि पोरं भिंतीला टेकून आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून. जेवण झालं की सगळे आले तसे परत. बारा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला काही वाटतही नव्हतं. मालकांची मुलगी कारखाना बघायला लागली, तेव्हा तिला वाटलं. ती मावशीच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मावशी, आपण लोकांना एकत्र बोलवतो आणि वेगवेगळं बसवतो. हे मला पटत नाही. तुम्ही काहीतरी करा."

"मी?" मावशी म्हणाली. "मॅडम, मी खोकी करते."

"मग खोक्यांचं काहीतरी करा."

मावशीनं ते काम गिऱ्हाइकाची ऑर्डर घ्यावी तसं घेतलं. वस्तू कोणती? कुटुंब. माप? चार ते सहा माणसं. गोडाऊनमध्ये पाच पदरी पुठ्ठ्याचे दांडगे ताव पडून होते, छपाई चुकली म्हणून परत आलेले. त्यातून तिनं प्रत्येक कुटुंबासाठी एक घर बेतलं, आत बसता येईल एवढं. चौतीस तुकडे, प्रत्येकावर आकडा, घडीच्या रेघा आधीच मारलेल्या. एक नंबरचा तुकडा तिनात अडकवायचा, तीन नंबरचा सातात. सोबत सूचनांचा कागद. शेवटी सगळ्यांनी आत बसून फोटो काढायचा. तीन आठवडे राबली, डोळ्यांत तेल घालून एकेक तुकडा तपासला.

आणि काय सांगावं! तीस कुटुंबांनी तीस घरं पंचवीस मिनिटांत उभी केली. एक तुकडा उरला नाही, एक कमी पडला नाही. मालकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त एक गंमत झाली. शेवटचा फ्लॅप, म्हणजे झाकणाची पाकळी, मिटवून त्यावर टेप लावायची होती, आणि तो फ्लॅप मिटायचा बाहेरून. साहजिकच आहे हो! बावीस वर्षं खोकी करणारी बाई ती. खोक्यात बसून खोकं बंद करायची वेळ तिच्यावर कधी आली होती? तीसच्या तीस घरांत मंडळी आत बसली आणि कुणीतरी एक जण टेप घेऊन बाहेर उभा राहिला. लोक हसून हसून लोळले. "मावशी, माणसं पार्सल करताय का काय!" असं फोर्कलिफ्टवाला ओरडला, आणि मावशीही पोट धरून हसली.

हसता हसता तिची नजर त्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांवरून फिरली आणि तिचं हसू थांबलं. कुणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, कुणी ठरवलंही नव्हतं. तरी प्रत्येक घरानं नेमकं तेच माणूस बाहेर ठेवलं होतं, ज्याच्यावाचून त्या घराचं अडत नव्हतं. एका घराबाहेर म्हातारी सासू, एका घराबाहेर लग्न न झालेली थोरली बहीण. वॉचमनच्या घराबाहेर खुद्द वॉचमन, जसा रोज गेटवर उभा असतो तसा. आणि मावशीच्या स्वतःच्या घराबाहेर तिचा मुलगा. आत नवरा होता, नणंद होती, नणंदेची दोन पोरं होती.

आतून नवऱ्याचा आवाज आला, नेहमीसारखा पंपावरचा. "तेवढी टेप तरी सरळ लाव रे! बाकी कशात तुझा उपयोग नाहीच."

विनोद म्हणून बोलला असेल. पण आजूबाजूच्या सहा घरांना ते ऐकू गेलं, आणि सहाच्या सहा घरं खदाखदा हसली. पोरानं टेप लावली. रोल खाली ठेवला, चपला घातल्या आणि चालत घरी गेला. त्या दिवसापासून तो बापाशी बोलला नाही.

बोलला नाही म्हणजे एक शब्द नाही. मावशीला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, आठवड्यांचे महिने झाले. पोरगा म्हणायचा, "बाबांना सांग, मला सहीचा कागद हवाय." नवरा म्हणायचा, "त्याला सांग, कागद टेबलावर ठेवलाय." दोघं असायचे एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि मध्ये मावशी टपाल वाहायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, तो काय परदेशात आहे का? तुम्हीच सांगा ना." तर नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मी बाप आहे. मी काय त्याच्या पाया पडू?" पोराला विचारलं, तर तो तोंडात गुळणी धरून बसायचा.

आणि खरी गोम पुढंच आहे. घर तसंच सुरळीत चाललं होतं! अंघोळी वेळेवर, डबे वेळेवर, कुणाचा कुणाला धक्का नाही. बापलेकांचं इतकं फाटलं, तरी घराला त्याचा पत्ता नव्हता, कारण ते घर एकमेकांशी न बोलताही चालावं असंच मावशीनं बसवलं होतं. हे तिच्या ध्यानात आलं, त्या दिवशी ती नमुन्याच्या टेबलावर रिकामं खोकं हातात धरून बराच वेळ बसून राहिली. डोक्यातली पेन्सिलसुद्धा शोधली नाही. खात्यातली माणसं घाबरली.

मग एक दिवस पोरानं जाहीर केलं, म्हणजे आईला सांगितलं, की मी मामाकडे राहायला जातोय. तिकडच्या शाळेत जाईन. मामाशी बोलणं झालंय, तो सोमवारी न्यायला येतोय. शाळा इथंही चांगलीच होती. हा गेला की शाळेपुरता जाणार नव्हता, कायमचा जाणार होता, हे तिला पुरतं कळत होतं. येईल तो पाहुण्यासारखा येईल, आणि बापलेक एकमेकांची तब्येत तिच्यामार्फत विचारतील. ही भीती तिनं कुणापाशी बोलून दाखवली नाही, पण अन्न गोड लागेना.

सोमवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, कारखान्यात पुन्हा तोच कार्यक्रम होता. मागची घरं मॅडमना इतकी आवडली होती, की आता दर सहा महिन्यांनी करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"तोच नमुना काढा मावशी, फ्लॅप तेवढा आतून करा," मॅडम म्हणाल्या होत्या.

"तो नमुना रद्दीत गेला."

"अहो, पण किती छान झालं होतं! पंचवीस मिनिटांत!"

"तेच तर," मावशी म्हणाली. "पंचवीस मिनिटांत कसं होतं? कुणाला कुणाची गरजच लागली नाही म्हणून. मी सगळं करून दिलं, त्यांनी नुसतं जोडलं. पोरं बघत बसली, बापांनी आकडे जुळवले. मॅडम, दिव्याला हलू न देणारं खोकं लागतं. माणसांना तसलं खोकं दिलं की ती दिव्यासारखीच बसतात."

मॅडमना ते अर्धंच कळलं, पण त्यांनी मान डोलावली. मावशीसमोर मान डोलावलेली बरी, हे त्या कारखान्यात आल्या आल्या शिकल्या होत्या.

मावशीनं सगळं उलटं करायला घेतलं. इतकी वर्षं ती अडचणी काढून टाकत आली होती, आता मोजूनमापून ठेवू लागली. आणि हे सोपं नाही, बरं का. अडचण जरा जास्त झाली की माणसं चिडतात, जरा कमी पडली की एकच जण सगळं उरकतो. ती दुपारच्या सुट्टीत जो सापडेल त्याला गोडाऊनमध्ये ओढायची. कटर दोन दिले, तर माणसं दोन कोपऱ्यांत जाऊन दोन वेगळ्या गोष्टी कापतात, म्हणून घराला एकच कटर. टेप भरपूर दिली, तर शेजाऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून दोन घरांत एक रोल. सूचनांचा कागद दिला, तर वाचणारा साहेब होतो, म्हणून कागदच नाही.

सगळ्यात मोठा शोध मात्र चुकून लागला. आठ फूट लांब ताव तिनं न कापता तसाच ठेवला होता. पाच पदरी पुठ्ठा एकट्यानं दुमडायला गेलं, की एका टोकाला दाबलं तर दुसरं टोक वाकडं जातं आणि घडी रेघ सोडून भलतीकडेच मोडते. दोघांनी दोन टोकांना गुडघे टेकायचे, एकदम दाबायचं आणि एकमेकांकडे सरकत मध्यावर यायचं. मावशीनं त्या दिवशी पकडून आणले होते ते गोंदवाला आणि फोर्कलिफ्टवाला. या दोघांचं एका पंख्यावरून वाजलं होतं आणि वर्षभर दोघांत अबोला होता. मावशी हे साफ विसरली होती. तावाची दोन टोकं धरून दोघं एकमेकांकडे पाठ फिरवून बसले. पहिली घडी वाकडी आली. दुसरी त्याहून वाकडी. शेवटी गोंदवाला भिंतीकडे बघत ओरडला, "एक, दोन, तीन, दाब!" दुसऱ्यानं दाबलं. पुन्हा "एक, दोन, तीन," आता दोघांच्या तोंडून. घडी सुरीनं मारल्यासारखी सरळ आली.

"बोललात की रे!" मावशी म्हणाली.

"बोललो कुठं?" गोंदवाला फणकारला. "नुसतं मोजलं. मोजणं म्हणजे काय बोलणं असतं का?"

त्या रात्री मावशीला कित्येक महिन्यांनी चांगली झोप लागली. कुणाचा मानही जात नाही, कुणाला माघारही घ्यावी लागत नाही, आणि तरी दोघांच्या तोंडून एकदम आवाज निघतो, असं काहीतरी तिला सापडलं होतं. अशा युक्त्या मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनाही सुचत नाहीत, आणि सुचल्या तर ते त्यावर भाषणं देतात. मावशीनं फक्त सगळे ताव न कापता बाजूला काढायला सांगितले.

रविवार उजाडला. गोडाऊनमध्ये घरामागे चार-चार ताव, तीस कटर, पंधरा टेपा. मावशीनं स्टुलावर चढून नियम सांगितले. आधी सगळ्यांनी आत उभं राहायचं, मग आपल्याभोवती भिंती उभ्या करायच्या, म्हणजे बाहेर कुणी राहायचं नाही. दार कुठं आणि केवढं, हे घरातलं सगळ्यात लहान माणूस ठरवणार. संपलं.

"सूचनांचा कागद?" कुणीतरी विचारलं.

"तोंड दिलंय ना देवानं? वापरा," मावशी म्हणाली आणि खाली उतरली.

मग जो काय गोंधळ माजला! "अहो, टेप द्या की शेजारी!" "आमचं छप्पर धरलंय, कशी देऊ?" "मग मी धरतो, तुम्ही लावा." वॉचमनच्या घरात सासूबाई म्हणाल्या, मला खिडकी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, मी बसून बघणार. वॉचमन कापणार होता ती वरची खिडकी सोडून खाली बसला आणि त्यांच्या डोळ्यांचं माप घेऊ लागला. गोंदवाल्याच्या चार वर्षांच्या मुलीनं दार स्वतःच्या मापाचं ठरवलं. मालक कौतुकानं बघायला आले तर ती म्हणाली, "आत या." मालक हात-गुडघे टेकून रांगत आत शिरले, आणि अर्धा तास बाहेर पडले नाहीत. पोरांचे मोबाइल तावांच्या ढिगाऱ्यावर पडून होते. सगळीकडून "एक, दोन, तीन, दाब!" चाललं होतं, बायका, म्हातारे, पोरं, सगळ्यांचा एकच कालवा. जेवणाची घंटा झाली, तर एक माणूस जागचं हलेना. मॅडम मावशीजवळ येऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मावशीचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तावाकडे होतं. या खेपेला तिनं नणंदेला बोलावलंच नव्हतं. कोपऱ्यात दोघंच होते, नवरा आणि मुलगा, मध्ये आठ फुटांचा ताव. दोघं दोन टोकांना, हाताची घडी घालून उभे. पोरगा आला होता तो फक्त उद्या जायचंय म्हणून, आईचं मन मोडायला नको म्हणून. मावशी न राहवून जवळ गेली.

पोरानं आजूबाजूच्या घरांकडे बघितलं, मग आईकडे. "सगळीकडे चार-पाच माणसं आहेत," तो म्हणाला. "आपल्याकडे दोनच. आई, हे खोकं तू आमच्या मापाचं केलंयस ना?"

मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, छे रे, काहीतरीच काय. पण मावशीला खोटं बोलता येत नाही, येतं ते फार वाईट येतं.

"हो," ती म्हणाली. "तुमच्याच मापाचं केलं. मागचं घरही मीच बेतलं होतं. त्यात कुणीतरी बाहेर राहणार, हे मला आधी दिसायला हवं होतं. तू बाहेर राहिलास ती चूक माझी. तुझ्या बापाचं तोंड ही चूक त्यांची, ती मी अंगावर घेणार नाही." नवरा काहीतरी बोलणार होता, तिनं हातानंच त्याला थांबवलं. "आता मी इथून जाते. वाटलं तर घर करा, नाही वाटलं तर ताव तसाच राहू दे. आणि तू उद्या गेलास तरी मी डबा भरून देईन. बस्स."

ती वळली आणि चालायला लागली. अख्ख्या आयुष्यात तिनं केलेलं सगळ्यात अवघड काम ते. बंद केलेलं खोकं कानाशी न लावता पाठवून द्यायचं! मागं वळून बघायचं नाही म्हणून तिनं मुद्दाम दुसऱ्या टोकाची घरं गाठली. इथं छप्पर धर, तिथं कुणाच्या बोटाला पट्टी बांध. "एक, दोन, तीन" हे तीस बाजूंनी ऐकू येत होतं. त्यात आपल्या माणसांचा आवाज आहे का, हे तिचे कान जिवाच्या आकांतानं शोधत होते, आणि काही केल्या कळत नव्हतं.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. शेवटी राहवेना म्हणून तिनं कोपऱ्याकडे एक नजर टाकली. तिथं एक घर उभं होतं. घर कसलं, त्याची एक भिंत तिरकी, दुसरी त्याहून तिरकी, दाराचा पत्ता नाही. आणि मागची भिंत हळूहळू बाहेर झुकत होती, कारण टेप होती शेजारच्या घरात. मावशी धावली आणि दोन्ही हातांनी तिनं ती भिंत बाहेरून धरली. आता सोडली असती, तर घर कोसळलं असतं. बोलली असती, तर काय झालं असतं कोण जाणे. ती तशीच उभी राहिली. मध्ये फक्त पाच पदर पुठ्ठा.

"तिकडं नाही, वर. वर सुटतंय," पोराचा आवाज आला.

"कुठं वर?" हा नवरा.

"अहो, हाताच्या वर. हां. तिथं."

"तुला दिसतंय तर तूच सांगत जा. मला यातलं काही कळत नाही." मग नवरा कुजबुजला, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं बोलला. "त्या दिवशी टेप तू सरळच लावली होतीस. सगळे गेल्यावर मी बघितली. काठाला काठ."

"मग बोलला का नाहीत?"

"तू निघून गेला होतास. मग वाटलं, उद्या बोलू. मग रोजच वाटायचं, उद्या बोलू." "उद्या जायलाच पाहिजे का तुला?"

"तुम्ही थांब म्हणाला असतात, तर मी बॅग भरलीच नसती."

"थांब."

"आता म्हणताय?"

"आता म्हणतोय. माझं चुकलं. चारचौघांत बोललो, ते चुकलं. थांब ना रे."

आजूबाजूच्या घरांतली माणसं टेप हातात धरून कान देत होती. मावशीचे हात भरून आले होते, पण तिला त्याची शुद्ध नव्हती. मग पोराचा आवाज आला, ओला, पण खणखणीत.

"थांबतो. आता डावीकडून धरा बाबा, आपल्याला हे बांधायचंय. आईची बोटं दिसतायत वर. ती किती वेळ बाहेरून धरणार?"

मावशीनं बोटं पटकन खाली घेतली, तशी भिंत डुगडुगली, तशी तिनं पुन्हा धरली. तेवढ्यात तिच्या पर्समधला मोबाइल वाजला. भिंतीला खांदा लावून तिनं तो कसाबसा बाहेर काढला. तिचा भाऊ होता.

"ताई, उद्या सकाळी किती वाजता येऊ पोराला न्यायला?"

मावशीचा एक कान मोबाइलला आणि दुसरा भिंतीला होता.

"ताई? ऐकू येतंय ना? काय झालं? एवढा कसला आवाज तिकडं?"

"बोलतायत," मावशी म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"बापलेक. अरे, बापलेक बोलतायत!" आणि भरल्या गोडाऊनमध्ये, शे-दीडशे माणसांसमोर, पुठ्ठ्याला खांदा देऊन उभी असलेली ती बाई हमसून हमसून रडायला लागली. कुणाची भीडभाड ठेवली नाही.

भावानं हळूच विचारलं, "मग उद्या मी येऊ की नको?"

"न्यायला नको येऊस," मावशी नाक पुसत म्हणाली. "जेवायला ये."